मुबारकचाचांचे न जोडलेले ठिपके

मुबारकचाचांच्या निरोपाच्या कार्यक्रमात लोकांनी ज्या आलेखाला टाळ्या वाजवल्या, तो मी काढलेला होता. टाळ्या कशाला पडतायत हे हॉलमध्ये फक्त चाचांना कळलं. मला नंतर कळलं.

शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी आहे तिथं गाड्यांच्या सीटखालच्या स्प्रिंगा बनतात. रोज किती बाद झाल्या ते दारापाशीच्या पांढऱ्या फळ्यावर काढायचं काम चाचांचं. आधी ते वेरूळच्या रस्त्यावरच्या ढाब्यांच्या पाट्या रंगवायचे. मग इथं आले आणि एकवीस वर्षं राहिले. कंप्युटर आला तरी फळा त्यांच्याकडंच राहिला, कारण त्यांची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची.

मी पाचोडचा. आमच्या शाळेत आलेखाचा प्रश्न सोडून द्यायचा असतो, अशीच आमची समजूत होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी वर्षभराचा बाद माल एका गोलात बसवला, बारा रंगांत. चाचा लांबूनच थांबले.

"गोकुळ्या, हे काय, टरबूज?"

"पाय चार्ट आहे चाचा."

"एका गोष्टीची वाटणी दाखवायची तर गोल. मशिनी शेजारी-शेजारी मोजायच्या तर खांब. दिवस कसे सरकले ते सांगायचं तर रेघ. तू तर महिने कापून फोडी केल्या बेटा. जुलैनंतर ऑगस्ट येतो, ते दिसतंय का कुठं?"

दिसत नव्हतं. पुढं दोन वर्षं मी त्यांच्याकडून हेच शिकलो. वर नाव नसलेला आलेख ते फळ्याला लागू द्यायचे नाहीत. "बिननावाच्या चित्राला काय समजायचं माणसानं?" असं म्हणून पुसून टाकायचे.

म्हणूनच निरोपाच्या आधी त्यांचा ड्रॉवर आवरताना एक हिरव्या चौकटींची आलेखवही सापडली तेव्हा मला संशय यायला हवा होता. एकाही पानावर नाव नव्हतं. खाली तारखा, डावीकडं आकडे, आणि आठवड्याला एक ठिपका. दोन वर्षांचे ठिपके. सुरुवातीला चाळीसच्या आसपास, शेवटी नऊवर. रेघ मात्र कुठंच ओढलेली नव्हती.

मला वाटलं, तीन नंबरच्या प्रेस मशिनीचा बाद माल. म्हाताऱ्यानं गुपचूप हिशोब ठेवलाय आणि बढाई मारायला लाजतोय. आमच्याकडं उतरत्या रेघेइतकं सुंदर दुसरं काही नसतं. शून्य दिसलं की साहेब पेढे मागवतात. मी आकडे कंप्युटरात भरले, ठिपके जोडले, आणि पुढचा अंदाज दाखवणारी तुटक रेघही मारली. ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शून्याला टेकली. वर ठळक नाव दिलं: 'चाचांची कमाल. चाळीसवरून नऊ, डिसेंबरात शून्य!' आणि समारंभात पडद्यावर लावलं.

टाळ्या पडल्या. सर्जेराव सुपरवायझर तर शिटी वाजवून मोकळे झाले. चाचा हसले, हार गळ्यात तसाच ठेवून बाहेर गेले, आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिले.

मी मागं गेलो. ते वळले नाहीत.

"तो प्रेसचा हिशोब नाय रे. सदफचे फोन आहेत ते. दर जुम्म्याला किती मिनिटं बोलली."

सदफ त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी नर्स म्हणून मस्कतला गेली. हे मला माहीत होतं. तिचे पेढे मी दोनदा खाल्ले होते.

"मग ठिपके जोडले का नव्हते चाचा?"

"जोडले की उतार दिसतो," ते म्हणाले. "सुटे ठेवले की नुसते जुम्मे दिसतात."

मी आठवडाभर नीट जेवलो नाही. मग तेच आकडे घेऊन पुन्हा बसलो. मिनिटं सोडली आणि फोन मोजले: एकशेचार शुक्रवारांत एकशेएक फोन. महिन्यागणिक खांब काढले. सगळे जवळजवळ सारख्या उंचीचे, रांगेत उभे. कागद घेऊन रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरी गेलो. जैतुनचाचींनी दार उघडलं.

"आव बेटा. टरबूजवाला आला हो!"

म्हणजे घरापर्यंत पोचलं होतं ते.

चाचांनी चष्मा लावला. खांबांवरून बोट फिरवलं, एकेका महिन्यावर थांबत. रमजानच्या खांबाशी जरा जास्तच थांबले.

"आकडे तेच. कपडे बदललेस फक्त."

"खोटं नाय चाचा. ती कमी बोलते, पण फोन करते. दोन्ही खरंय."

"हां, दोन्ही खरंय," ते म्हणाले. "पण कान मिनिटं ऐकतात, बेटा."

चाची आतून ओरडल्या, "तिची ड्यूटी बारा बारा तासांची, किती बोलल ती? अन् तुम्ही फोनवर निस्तं 'जेवलीस का' विचारता. त्याला लागतात किती मिनिटं?"

चाचांनी माझा कागद घडी घालून वहीत ठेवला आणि वही माझ्यापुढं उघडली. शेवटचं पान ठिपक्यांनी भरलं होतं.

"संपली. तू बिघडवलंस, तूच आण नवी. ही हिरव्या चौकटीची. भगवी नको, डोळे दुखतात."

"पुढच्या जुम्म्यापर्यंत आणतो," मी म्हणालो.

औरंगपुऱ्याच्या बाजारात सहा दुकानं पालथी घातली. हिरवी कुठंच नाही. दर शुक्रवारी रात्री चाचांचा मला फोन येतो, आधी वहीची चौकशी, मग बातमी. काल म्हणाले, "अकरा मिनिटं. मी विचारलं तिला, खिडकीतून काय दिसतं म्हणून. सांगत बसली."

"लिहून ठेवलं ना चाचा?"

"कॅलेंडरच्या मागं, पेन्सिलीनं. पाच जुम्मे तिथं पडलेत. तुझी वही येईल तेव्हा ठिपके टाकीन."

हिरवी वही अजून मिळालेली नाही.