कड्यावर कापलेला सोल

आमच्याकडे जमीन नव्हती. बाप दुसऱ्यांच्या विहिरी खोदायचा, माय लोकांच्या शेतात तण निंदायला जायची, आणि भाकर मोजून मिळायची. बापाचा अंबाडीचा जाड दोर, आमच्याकडे त्याला सोल म्हणतात, तेवढा मात्र घरात कायम चांगला असायचा. गावातला एक म्हातारा तो वळून देई. देण्याआधी लिंबाच्या फांदीला बांधून स्वतः लटके. "पाह्य, मी पडलो काय? मंग तूबी नाही पडत."

मी वाशीमला कॉलेजात गेलो. तिथे एका तरुण सरांनी आम्हाला कडे चढायचा नाद लावला. मेडशीकडे एक काळा कडा होता, खाली सरळ, वर पोट बाहेर काढलेला. त्या पोटाशी मी तीनदा हरलो होतो. सुट्टीत एका मित्राला घेऊन पुन्हा गेलो. सरांचा दोर नव्हता, म्हणून बापाचा सोल न विचारता उचलला.

मित्र मागच्या वाटेनं वर जाऊन झाडाला पाय लावून बसला आणि सोल ओढून धरू लागला. टोक माझ्या कमरेला. कड्याच्या पोटाखाली डावा पाय करंगळीएवढ्या कंगोऱ्यावर, दोन बोटं चिरेत. पुढे काही दिसेना.

"चाल ना बे! वरात निघाली काय तुयी?" वरून तो ओरडला.

हसू आलं आणि पाय सुटला. लटकलो. वर दगडाच्या धारेवर सोल करकरला. दुसऱ्या खेपेला आधी उजवा पाय उंच टेकवला, कंबर दगडाला चिकटवली, मग हात टाकला. वर पोचलो. तेव्हा छाती किती फुगली होती, ते आठवलं की अजून लाज वाटते.

बाप विहिरीच्या काठावर सोलाखाली नेहमी ओलं पोतं टाकायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण सरांच्या नायलॉनच्या दोराखाली कुणी काही टाकत नसे, आणि मी तर कॉलेजवाला! मीही काही टाकलं नव्हतं. खाली उतरून पाहिलं, तर सोलाच्या तीन पदरांतला एक पदर त्या धारेवर निम्मा कापला गेला होता. ती जागा आत दडवून वेटोळं घरी खुंटीला टांगलं.

"सोल कोनं नेला होता रे?" बापानं सकाळी विचारलं.

"मले काय माहीत," मी म्हणालो.

त्याच दिवशी विहिरीत उतरताना सोल तुटला. बापाचा पाय मोडला, तो पुन्हा सरळ पडला नाही. गावानं म्हाताऱ्याला दोष दिला. तो आमच्या दारात येऊन बसला. "माह्या हाताले काय झालं, समजत नाही." मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो. लोकांनी त्याच्याकडून दोर घेणं बंद केलं.

वर्षभर गप्प राहिलो. शेवटच्या परीक्षेआधी त्याच्या अंगणात जाऊन सगळं सांगितलं.

"एवढे दिस काहून गप होता बे?" तो म्हणाला. मग तो उठला. "चाल. तुया बापाले सांग, माह्यासमोर."

सांगितलं. बापानं माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हाताऱ्याला म्हणाला, "बुढ्या, तोंडानं बोललो नाही, पन मनात म्या तुलेच दोषी धरलं होतं." मग मला म्हणाला, "परीक्षा दे. बोलू मंग." ते बोलणं कधी झालं नाही. चावडीवर मात्र लंगडत जाऊन त्यानंच खरं काय ते सांगितलं, आणि लोक पुन्हा म्हाताऱ्याकडे जाऊ लागले.

मी बी.ए. झालो, आमच्या वस्तीतला पहिला.