घासातले चुकार चेंडू

भुताखेतांचे असले अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसायला म्हणून वाचत आले. शाळेत खेळ शिकवते. कुणाला भुताची भीती वाटली तर माझ्याकडे एकच औषध — मैदानाला दोन चकरा. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

माझं माहेर राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या कालव्याकडेला. वडील, म्हणजे आमचे आण्णा, सैन्यात गाडी चालवायचे. शेवटची नोकरी नगरच्या कॅम्पात झाली आणि तिथे साहेब लोकांचं बघून गोल्फचा नाद लागला. आण्णा रिटायर होताना एका साहेबांनी आपला जुना 'ड्रायव्हर' दिला — चेंडू लांब मारायची मोठ्या डोक्याची काठी. गावाला थट्टेला आयतं निमित्त मिळालं: ड्रायव्हरच्या हातात ड्रायव्हर. घरापुढच्या रिकाम्या रानात आण्णा रोज संध्याकाळी चेंडू मारत. मारायचे समोर आणि जायचा उजवीकडे. उजवीकडे होता गाईंसाठी लावलेला लसूणघास.

सकाळी घास कापताना ते चेंडू आईला सापडत. कळप सोडून भटकणाऱ्या जनावराला म्हणतात, तसं ती त्यांना 'चुकार' म्हणायची. बांधावरून घरंगळू नयेत म्हणून घासाचीच चुंबळ वळायची, डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशी, आणि त्यात चेंडू ठेवून हाक मारायची, "अहो, तुमची चुकार घेऊन जा." आई डावखुरी, त्यामुळे तिच्या चुंबळीचा पीळ उलटा पडायचा.

आई गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी राहिले. एक दिवस आण्णा म्हणाले, "कॅम्पात माजी सैनिकांची म्याच हाय. एकदा तरी सरळ मारायचाय. तू पोरास्नी शिकविती, मला बी शिकव की."

आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मला किती बरं वाटलं, काय सांगू.

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी कामाला लागले. डाव्या हाताची पकड थोडी फिरवली. चेंडूच्या पलीकडे खताची रिकामी गोणी ठेवली — काठी तिला लागली की समजायचं, बाहेरून आली, म्हणजे चेंडू उजवीकडे वळणार. "लई कडक मास्तरीण हाय," म्हणत आण्णा गोणी बडवत राहिले. पहिल्या दिवशी बहुतेक चेंडू घासातच गेले.

सकाळी बांधावर घासाची चुंबळ. चुंबळीत चेंडू.

"आण्णा, गुडघा दुखतो ना? कशाला वाकता?"

"म्या न्हाई गेलो. तुझी आई ठेवती. रोजच ठेवती." दूधवाला येऊन गेला, असं सांगावं तसं सांगितलं.

मी 'बरं' म्हणून चेंडू गोळा केले. म्हातारा माणूस, एकटा पडलेला... पण पुढे एकदा संध्याकाळी चेंडू मारून आम्ही दोघंही संगमनेरला माझ्या घरी मुक्कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी परतलो, तर बांधावर चुंबळ होती. त्या उन्हात कापलेला घास तासाभरात मान टाकतो. हा हिरवागार होता. पीळ उलटा. मी शेजारी बसून एक चुंबळ वळून पाहिली. माझी सुलटीच पडली.

घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. तरीही शिकवणी थांबवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे कुणाला सुचणार होतं?

आणि एका संध्याकाळी चेंडू सरळ गेला. पुढचाही, त्याच्या पुढचाही. मी टाळ्या वाजवल्या. आण्णा लहान मुलासारखे हसले, मग घासाकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर बांध रिकामा. आण्णा रोज सकाळी जाऊन बघून येत, मग चहा पीत. म्याचला गेलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "पयल्यासारखं करून दे ना गं."

मी पकड परत फिरवली, गोणी काढली. पण एकदा अंगात बसलेली गोष्ट निघत नाही, हे मीच पोरांना सांगते... चेंडू सरळच जायचा. मग एका संध्याकाळी आण्णा घासाकडे तोंड करून उभे राहिले आणि एकेक चेंडू मुद्दाम त्यात मारला. सकाळी आम्ही दोघं गेलो. चेंडू पडले तिथेच होते, दवात भिजलेले.

आण्णा बांधावर बसले. "मुद्दाम मारल्यालं तिला कळतं. ती चुकार तेवढीच उचलती."

चुंबळ कोण वळत होतं, मला आजही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. मला एवढंच कळतं, की त्यांच्याकडे तिचं थोडंसं काही उरलं होतं, आणि ते मी दुरुस्त करून टाकलं. याचं फार वाईट वाटतं.

आण्णा अजून रोज मारतात. संध्याकाळी मी फोन करते, "आज कसा गेला?"

आण्णा आधी माझ्या शाळेचं विचारतात. मग म्हणतात, "सरळच गेला गं."