झाकलेला तुकडा

भात पेरायच्या आधी जमीन भाजायला पेटवतात, त्या राबाचा धूर नाकात गेला की धाकटीची ती खेप आठवते. धाकटी लेक माझी आकाशगंगांवर संशोधन करते. मोठ्या दुर्बिणी सगळ्या आभाळाचे फोटो काढतात आणि ही पुण्यात बसून ते तपासते. तिला शिकवायचं म्हणून थोरलीची शाळा सोडवली होती. त्या उन्हाळ्यात धाकटी आली, तेव्हा थोरली खाचरात राबासाठी पाला आणि शेण पसरत होती. हात धुऊन ती ओटीवर आली. म्हणाली, "माज्या पोरीला यंदा शिकायला तुज्याकडं नेशील का गो?" धाकटीची नजर लॅपटॉपवर. थोरलीने पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो काळा तुकडा कसला?" "तिथे ठळक तारा आहे, ताई. त्याच्या उजेडापुढे शेजारच्या आकाशगंगा नीट दिसत नाहीत, म्हणून तेवढा भाग आम्ही झाकतो. त्या मोजत नाही." "म्हंजे हायत, पन धरायच्या नाय." "हो. आणि पोरीचं पुढच्या वर्षी बघू." थोरली परत राबाकडे गेली. ते पुढचं वर्ष आलंच नाही. आज सकाळी धाकटीचा फोन आला, नव्या दुर्बिणीचं काम मिळालं म्हणाली. मग विचारलं, "ताईची पोर काय करते गं?" मी म्हटलं, "राब पेटवते."