भुईफोड्याचा कान

आमचे शेजारी शांतारामभाऊ डहाणू स्टेशनवर तिकिटं द्यायचे, पण त्यांचा जीव अडकलेला एका राक्षसात. नऊ वर्षांचे असताना त्यांनी तंबूतल्या टॉकीजमध्ये ‘भुईफोड्या’ नावाचा सिनेमा पाहिला. जमीन फोडून वर येणारा राक्षस! सिनेमा आपटला, पण भाऊ काही त्यातून बाहेर आले नाहीत. पोस्टरं, अर्धी फाटलेली तिकिटं, काडेपेटीवरचं चित्र, गाण्यांची तबकडी, सगळं बैठकीतल्या काचेच्या कपाटात. वसुमतीवहिनींचे लग्नातले फोटो मात्र पलंगाखालच्या ट्रंकेत. हे मी सांगत नाही, वहिनी सांगतात. रोज.

कपाटाचा मधला खण रिकामा होता, राक्षसाच्या मुखवट्यासाठी. सिनेमाचं थोडं शूटिंग तलासरीकडे वेवजीला झालेलं. मुखवटा तिथल्याच लडक्या नावाच्या एका गावकऱ्याच्या बापाने कागदाच्या लगद्यातून घडवलेला. जव्हारकडे बोहाड्यात देवदैत्यांचे मुखवटे घालून नाचतात ना, ते करून द्यायचा तो. सिनेमावाले गेले, मुखवटा लडक्याच्या घरी चुलीवर टांगलेला राहिला. भाऊंना हे कळलं २०१६ साली. मग दर सुट्टीला एसटीने वेवजी, अशी दोन वर्षं. २०१८च्या दसऱ्याला लडक्याने तो त्यांच्या हातात ठेवला. म्हणाला, “बापाच्या हातचा हाय. जपा.”

भाऊंनी तो पहिलटकरणीसारखा जपला. वरची काजळी पुसली, प्लास्टिकमध्ये गुंडाळला, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कपाटाला कुलूप.

आणि नोव्हेंबरात धरणी हलायला लागली. आधी तिच्या पोटात गडगड, मग मांडणीवरची भांडी वाजायची. तलासरीकडे घरांना तडे गेले, माणसं अंगणात आणि तंबूंत राहू लागली. इकडे मीही गप्प बसेन तर शपथ! म्हटलं, “भाऊ, तुम्ही त्याला कोंडलंत, त्याचे घरचे खालून शोधत आलेत बघा.”

सगळे हसले. भाऊ नाही हसले. दारावर थाप पडली की आधी खिडकीतून डोकावायचे. “लडक्या तर नाही? तो परत मागायला येईल, संगीताताई. अख्खा पाडा घेऊन येईल.”

फेब्रुवारीत एका दुपारी लडक्या खरंच आला, एकटाच. भाऊ मोरीत लपले. वहिनींनी ओढून बाहेर काढलं.

“मुखवटा न्यायला आलो,” लडक्या म्हणाला.

“म्हणजे लोक म्हणतात की त्याच्यामुळेच...”

“कागदाच्या तोंडानं धरणी हलते व्हय? शिकलेले ना तुम्ही, भाऊ? पोरं तंबूत बसून भेदरलीत. जेवत नाय. भुईफोड्या नाचवतो, ती त्याला बदडतील, हसतील. मग आणून देतो.”

“बदडतील?” भाऊ कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

तरी कुलूप काढलं. प्लास्टिक सोडलं आणि कुबट वास आला. डाव्या कानावर बुरशी, बोट लावलं तर भिजल्या भाकरीसारखा मऊ.

लडक्याने कान हलकेच चाचपला. “धूर नाय दिला याला. चुलीवर चाळीस वर्षं काय झालं नाय याला.”

भाऊंनी ते प्लास्टिक चुरगाळून मोरीत फेकलं. मग म्हणाले, “मीपण येतो.” तमाशा चुकवायचा नाही म्हणून मी निघाले. वहिनी निघाल्या भाऊंना आवरायला.

वेवजीला पोरं तंबूंपुढे गप्प बसलेली. लडक्याचे गुडघे दुखत, म्हणून नाचायला एक तरणा पुढे आला. त्याने मुखवटा कानाला धरून उचलला मात्र, भाऊ ओरडले, “सोड! तो असा धरत नाहीत. मला दे.” आणि आमचे तिकीटबाबू, पन्नाशी उलटलेले, मुखवटा चढवून निघाले. ढोलाच्या तालावर पाय ओढत, मान तिरकी. चाल अगदी सिनेमातली. मी हसून हसून खाली बसले.

तेवढ्यात खालून गडगड. पायाखालची माती हलली. ढोल थांबला. वहिनींनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. पोरांचे डोळे भुईफोड्यावर. भाऊही जागच्या जागी, दोन्ही हात मुखवट्याच्या त्या मऊ कानावर.

लडक्याची नात बारकी उठली. हातातल्या फांदीने तिने मुखवट्यावर सप्पकन एक हाणली. “बस कर रे आता!”

माती थांबली. कान भाऊंच्या हातात निघून आला.

भाऊंनी कानाकडे पाहिलं, बारकीकडे पाहिलं आणि धाडकन आडवे पडले, पाय झाडत, राक्षस मरतो तसे. पोरं अशी तुटून पडली, अशी हसली की एकीने तिथेच भाकर मागितली. वहिनी धावल्या, “अहो, खरंच पडलात की काय?” आतून आवाज आला, “गप्प बस, मी मेलोय.”

मुखवटा परत आणला नाही. लडक्याच्या अंगणात मांडवाखालच्या चुलीवर भाऊंनी स्वतः टांगला, गाठ तीनदा ओढून पाहिली.

मधल्या खणात आता नुसता कान आहे. हादरा बसला की भाऊ अनवाणी अंगणात येऊन वेवजीला फोन लावतात. “लडक्या, पोरं बाहेर आहेत ना? बारकी?” मग आवाज खाली आणून, “चूल पेटलेली आहे ना रे?”