सोडलेली आठ मिनिटं

रिहे गावात मी भाड्याने राहते, त्या घराच्या अंगणात पाच पोरं खेळतात. त्यांनी कोणता कार्टूनचा साहसी पिक्चर बघायचा हे ठरवायचा मान माझा. तो मला कुणी दिलेला नाही, मीच घेतलाय. हिंजवडीच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते, शनिवारी तेच डोळे पिक्चरला लावते. रक्त आहे का, शिव्या आहेत का, मारामारीत कुणी मेलेलं दिसतं का. रविवारी दुपारी निकाल. घरमालकीण काकू दारातूनच विचारतात, "भ्या वाटन्यासारकं काय न्हाई ना?" मी "नाही" म्हटलं की पोरं चपला काढून आत. माझा निकाल तोवर कधी चुकला नव्हता, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे.

त्या रविवारचा पिक्चर एका मुलीचा होता. छोट्या होडीतून ती समुद्र पार करते आणि बेटावरच्या एकडोळ्या राक्षसाला चकवते. राक्षस केसाळ, पण बावळट. पोरं हसणार, हे मी लगेच ओळखलं. अडचण पहिल्या आठ मिनिटांची होती. त्यात मुलीची आई आजारी पडून जाते.

काकूंच्या नातीची आईही दोन वर्षांपूर्वी अशीच गेली. नात आता सहा वर्षांची आहे, त्या पाच पोरांतलीच एक. तेव्हापासून त्या घरात तो विषयच बंद. फोटो कपाटात ठेवलाय, आणि खेळायला येणाऱ्या पोरांनाही काकूंची ताकीद असते, "हितं मम्मी मम्मी करायचं न्हाई." मी त्यांना ठासून सांगितलं, "बिनधास्त दाखवू. सुरुवातीचं मी उडवते." काकूंचा जीव भांड्यात पडला.

होडी पाण्यात उतरते तिथून मी टीव्हीवर पिक्चर लावला. राक्षस आला तेव्हा पोरांनी उशांमागे तोंडं लपवली आणि तो चिखलात आपटला तेव्हा खिदळून लोळली. मी भिंतीला टेकून स्वतःवरच खूश. मधेच शेजारच्या मुलीने विचारलं, "ही एकटीच कुटं चाललीय?"

"फिरायला," मी ठोकून दिलं.

पिक्चर संपला, बाकीची पोरं पळाली. नात मात्र उठेना.

"ताई, तुमी मधनंच लावला," ती म्हणाली. "खालची लाल रेघ आदीच म्होरं गेलीवती."

"तिथं काही नव्हतं गं. नुसती नावं होती."

"तिच्या मम्मीचं आसंल. माज्यासमोर समदी तेच काडून टाकत्यात."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, कंटाळा होता. मला माझीच लाज वाटली. पिक्चरमधलं सगळं मी तपासलं होतं. आपण या पोरीशी खोटं बोलतोय, एवढंच तपासायचं राहिलं. काकू दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर माझी हिंमत झाली नसती. पिक्चर पहिल्यापासून लावला.

आठ मिनिटं ती हलली नाही. त्या मुलीच्या आईची खाट रिकामी दिसली तेव्हा तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. होडी पाण्यात उतरल्यावर सोडलं.

"मम्मीनं सांगितल्यालं बेट बघाय चाललीय व्हय ती," ती म्हणाली. तिचं कोडं सुटलं होतं. मग काकूंकडे वळली. "आजी, हिची बी न्हाई."

काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. "व्हय गं बाय."

"मग माजी कशी व्हती ते सांग की."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "तुज्यासारकीच व्हती. एका जागी बसायची न्हाई."