पेनाने उडवलेले तास

कुडाळ स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते. तेवढ्यात पायने माझी कागदपत्रांची फाईल तिसऱ्यांदा उघडून पाहिली, बंद केली आणि खिडकीतून आत दिली. आमच्या ख्रिस्ती घरात वडिलांना पाय म्हणतात. पाय तेव्हा मालवणात हायस्कूलचा मास्तर होता. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या प्रत्येक पोराला तो एकच गोष्ट सांगायचा, तीच त्याने मलाही सांगितली, "आपल्या हातान लिव गो." गाडी हलली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "पोचलंस काय फोन कर."

मी देवबागची. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवरून उठून मी वैमानिक व्हायला मध्य भारतातल्या एका कोरड्या, धुळीने भरलेल्या गावी गेले. मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच बॅगा उचलून निघालेल्यांनो, आठ वर्षांत मी तुम्हाला फक्त फोटो पाठवले. गणवेशातले, धावपट्टीवरचे. जे फोटोत नव्हतं ते आज लिहिते.

त्या उड्डाण संस्थेच्या माहितीपुस्तकात सात विमानं होती. प्रत्यक्षात दोन उडायची. बाकीच्यांचे सुटे भाग काढून या दोघांना लावलेले. आठवड्यातून एकदा आपली पाळी. मेसच्या पिठात अळ्या. माझा प्रशिक्षक गुटखा खाऊन विमानात बसायचा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थुंकायचा. विमान वळलं की ती बाटली माझ्या पायाशी गडगडत यायची. पहिल्यांदा एकटीने विमान उतरवलं त्या दिवसाचा आनंद मला आठवतो, नाही असं नाही. पण त्यासोबत त्या बाटलीतला लाल रंगही आठवतो.

व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. प्रत्येक तास लॉगबुकात स्वतःच्या हाताने लिहायचा, त्याखाली प्रशिक्षकाची सही. दोन वर्षांनी माझे एकशे चौऱ्याहत्तर तास झाले होते. एका दुपारी मुख्य सरांनी आम्हा सात जणांना ऑफिसात बोलावलं. नवी बॅच यायची होती, जुनी संपवायची होती.

"लिख लो, बेटा," ते म्हणाले. "सब लिखते हैं."

त्यांनी तारखा सांगितल्या, विमानाचा नंबर सांगितला. ते विमान खिडकीतून समोर दिसत होतं. त्याच्या नाकावरचा पंखाच काढलेला होता. पंखा नसलेलं ते विमान माझ्या वहीत डोंगर ओलांडून दुसऱ्या शहरात जाऊन आलं. लिहून झाल्यावर कुणीतरी समोसे मागवले. आम्ही खाल्ले. मला तेव्हा किळस आली नाही, हेही सांगायला हवं. सुटल्यासारखं वाटलं.

किळस आली ती घरी. परवान्याचा अर्ज भरायला मी पायच्या टेबलावर लॉगबुक उघडलं आणि कुठल्या ओळी खऱ्या, कुठल्या खोट्या ते चटकन कळेना. तीच शाई, तेच माझं वळणदार अक्षर. मी पायला हाक मारली आणि सगळं सांगितलं.

"किती तास?" त्याने विचारलं.

"सव्वीस."

"दुसऱ्यांनी लिवल्यानी?"

"सगळ्यांनी."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मगे तू एकटांच कित्याक शाणां होतंस? गप रव. अर्ज धाड."

"पाय, तूच मां म्हणायचस, आपल्या हातान लिव?"

"मगे? आपल्याच हातान लिवलंस मां?"

बोलून गेला आणि माझ्याकडे बघेना. वीस वर्षं याच माणसाने कॉपी करणाऱ्या पोरांना कानाला धरून वर्गाबाहेर काढलं होतं. संस्थेपेक्षा जास्त किळस मला त्या संध्याकाळी त्याची आली. जेवायला एकत्र बसलो, पण त्याने पुढे केलेला भात मी घेतला नाही.

आठवड्याने, अर्ज न पाठवताच, मी पुन्हा निघाले. या वेळी स्टेशनवर कुणी आलं नाही. मायने सुकट तीन पिशव्यांत गुंडाळून बॅगेत घातली आणि रिक्षा वळेपर्यंत गेटाशी उभी राहिली.

दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थेत निवृत्तीला आलेल्या एक प्रशिक्षक बाई होत्या. मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि खरं ते सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. लाल पेन घेतलं, सव्वीस तास एकेक ओळ करून खोडले, बाजूला माझी सही घेतली, आपलीही केली. म्हणाल्या, "उद्या सहाला ये."

ते तास खरोखर उडवायला आठ महिने लागले. त्यातल्या एका एकटीच्या उड्डाणात ढग खाली उतरले, रेडिओवर नुसती खरखर. वाट अर्धी झाली होती. मी परत फिरले. उतरल्यावर जेवढी मिनिटं उडाले तेवढीच वहीत लिहिली. त्याच वहीतल्या खोडलेल्या ओळींत असंच एक उड्डाण होतं, दोन तास पाच मिनिटांचं, आकाश निरभ्र.

मी नियामक कार्यालयाकडे पहिल्या संस्थेची तक्रारही केली, नावानिशी. चौकशीला माणसं आली. त्या दिवशी विमानं धुऊन ठेवली होती म्हणे, चहा-फराळ झाला, आणि सगळं ठीक असल्याचा अहवाल गेला. बॅचमधल्या मुलांनी मला ग्रुपमधून काढलं. एकाने आधी लिहिलं, "तुझ्यामुळे आमची लायसन्सं जातील." गेली नाहीत. त्यांतले चार जण आज प्रवासी घेऊन उडतात.

मला परवाना मिळूनही नोकरी मिळायला एकोणीस महिने लागले. हॉटेलच्या लॉबीत बसून "सेटिंग करून देतो" म्हणणारे दलाल भेटले. एका मुलाखतीत लाल रेघांचं पान उघडून साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी वही दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली, जणू घाण मीच केली होती. तोवर मी एका विमान कंपनीच्या ऑफिसात हवामानाचे कागद तयार करत होते. शेवटी ईशान्येकडे पंख्याच्या छोट्या विमानांवर सहवैमानिक म्हणून लागले. आता गुवाहाटीत राहते. इथे शेजारी मला मुंबईची समजतात, मीही दुरुस्त करत बसत नाही.

गेल्या मे महिन्यात घरी आले तर बाहेरच्या खोलीत नवी फ्रेम. त्यात वर्तमानपत्रातली जाहिरात, पहिल्या संस्थेची. माझा गणवेशातला फोटो त्यांनी न विचारता उचललेला, खाली छापलेलं, 'आमची अभिमानास्पद विद्यार्थिनी'. पायने ती कापून मढवून आणली होती.

मी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली.

"फोटो तुझोच मां?" पाय म्हणाला.

"फोटो माझो. जाहिरात तेंची."

काच सरकवून मी तो कागद फाडला. माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी खिळा उपटायला पुन्हा खुर्चीवर चढले तेव्हा पाय पुढे आला.

"खिळो रवांदे," तो म्हणाला. "दुसरो फोटो दी. त्या बाईंवांगडा काढलेलो आसतलो मां?"

बाईंचं नाव मी त्याच्यासमोर कधी काढलं नव्हतं. मायला फोनवर सांगायचे, तेव्हा तो बाजूला बसून ऐकत असणार. 'माझी चूक झाली' असं तो तेव्हा म्हणाला नाही, अजूनही म्हणालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन फोटो छापून आणला. घामाने भिजलेली मी, शेजारी बाई, मागे ते जुनं विमान. काच पायनेच जुन्या फडक्याने पुसली आणि फ्रेम नीट बसली का ते मागे सरून पाहिलं. मी त्याला माफ केलेलं नाही. पण रजा मिळाली की तिकीट कुडाळचंच काढते, आणि त्याने पुढे केलेला भात आता घेते.