साळवे बाईंचे न फुगणारे बन

ओव्हनच्या जाळीवर मी ब्रेडच्या सहा स्लाइस मांडल्या, दार लावलं आणि घड्याळ बघितलं. दुपारचे दोन वाजले होते. माझ्या पाठीमागे साळवे बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका पाठीमागे उभी राहिली की वय कितीही असो, आपला शर्ट नीट खोचलाय ना हे आपण चाचपून बघतो. मीही बघितलं.

"पंधरा दिवसांत तिसरी खेप, जाधव," बाई म्हणाल्या. "तुम्ही तो पार्ट बदललात, आणि तेव्हापासून एकही बन धड झालेला नाही."

तो पार्ट म्हणजे थर्मोस्टॅट. ओव्हन ठरलेल्या तापमानाला पोचला की वीज तोडायची, गार व्हायला लागला की परत जोडायची, एवढंच त्याचं काम. बाईंच्या ओव्हनचा जुना थर्मोस्टॅट चिकटला होता म्हणून मी नवा टाकला होता. शालिमारजवळ माझं एका कंपनीचं ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर होतं. मिक्सर, इस्त्री, गीझर यांवर दिवस जायचा. नव्वदच्या दशकाची अखेर होती. नाशकात ओव्हन असलेली घरं इतकी कमी की मला ती तोंडपाठ होती.

शरणपूरचं बाईंचं घर त्यातलं पहिलं. त्यांच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. बरेच जण सकाळपासून उपाशी असतात. उपासना संपली की दारात प्रत्येकाच्या हातात एक बन पडतो. मऊ, दालचिनी-जायफळाच्या वासाचा, आत मनुका आणि पाकवलेली संत्र्याची साल, वर मैद्याच्या पेस्टचा पांढरा क्रूस. हे ऐंशी बन तीस वर्षं बाई घरी करत आल्या होत्या. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये त्या ते शिकल्या. आता उत्तम शुक्रवार उद्यावर आला होता आणि ओट्यावर कालचे बन पडले होते. मी एक उचलून ओट्यावर आपटला. ठक्क असा आवाज आला.

दहा मिनिटांनी मी स्लाइस बाहेर काढल्या. ही आमच्या लाइनमधली साधी युक्ती आहे. ओव्हन कुठे जास्त तापत असेल, कुठे कमी, तर स्लाइसवर लगेच दिसतं. एक काळी पडते, एक पांढरी राहते. माझ्या सहाच्या सहा स्लाइस एकसारख्या बदामी झाल्या होत्या. व्होल्टेज मोजलं, दोनशे अठ्ठावीस. आत थर्मामीटर ठेवला होता, तोही बरोबर बोलत होता. दोन्ही एलिमेंट, म्हणजे वरची आणि खालची तापणारी कांब, ठणठणीत.

मला बरं वाटलं आणि लगोलग रागही आला. माझ्या कामावर तीन वेळा बोट ठेवलं गेलं होतं. बाईंनी कंपनीला इंग्रजीत चार परिच्छेदांचं पत्र धाडलं होतं, स्वल्पविरामासकट बिनचूक. त्यावरून आमचे एरिया मॅनेजर दातार साहेब तापले होते. त्यांना मी बाईंच्याच फोनवरून रिपोर्ट दिला.

"ओव्हन ओके आहे ना?" दातार म्हणाले.

"ओके आहे, साहेब."

"मग जॉब कार्डवर 'कस्टमर मिसयूज' लिहा, सही घ्या आणि निघा. ही कम्प्लेंट उद्यापर्यंत ओपन राहिली तर तुमचं ऑथोरायझेशन मी रिन्यू करू शकत नाही. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मिसयूज म्हणजे वस्तू चांगली आहे, वापरणाऱ्याचं चुकलं. मी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात शीला रणभिसे आल्या. त्या चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी, आणि एकेकाळच्या बाईंच्या विद्यार्थिनी. त्यांनी ओट्यावरचा बन बोटानं दाबून बघितला आणि पदराला हात पुसला.

"बाई, राहू द्या ना या वर्षी," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "बेकरीवाला पाच वाजेपर्यंत ऑर्डर घेतो म्हणालाय. किती दिवस तुम्ही राबायचं? वय झालंय आता. मंडळात सगळ्यांचं हेच म्हणणं आहे."

"शीला, पाचच्या आत मी फोन करते," बाई म्हणाल्या.

"आणि पुढच्या वर्षीचंही बेकरीतूनच ठरवून टाकू. म्हणजे तुम्हाला दरवर्षी हा ताप नको."

शीलाताई गेल्या. बाई स्टुलावर बसल्या. हाताची घडी सुटली होती. त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या, एक एक बोट दुसऱ्या हातानं चेपून. मी कार्ड भरायला घेतलं होतं, पण पेन चालेना.

"जाधव, ओव्हन चांगला असेल तर तसं लिहा," त्या म्हणाल्या. "तीनदा केले. तिन्ही वेळा मापं तीच, जी तीस वर्षं आहेत. ओव्हनचा दोष नसेल तर मग उरलं काय? हात. हात गेले असतील तर ते मला कळलेलं बरं. शीलाच्या तोंडून कळायला नको."

आता मला कळलं की चार परिच्छेदांचं पत्र कशासाठी होतं. बाईंना ओव्हन बिघडलेला हवा होता. माझा राग तिथंच संपला. मी लिहिणार होतो तो एक शब्द त्यांच्या तीस वर्षांवर पडणार होता.

मी त्यांना एक प्रश्न विचारला. तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"बाई, ओव्हनमध्ये घालायच्या आधी पीठ फुगतं का?"

त्यांनी आधी ओट्यावरच्या बनांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. मला वाटलं आत गेल्यावर फुगेल."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

म्हणजे फॉल्ट ओव्हनच्या आधीच होता. फॉल्ट सापडत नाही तेव्हा आम्ही मशीनचं एक एक कनेक्शन काढून बघतो. पिठाचंही तेच करायचं ठरवलं. घड्याळात तीनला दहा कमी होते. यीस्टचा एकच डबा शिल्लक होता, त्यातूनच उद्याचे बन व्हायचे होते, म्हणून दोनच गोळे करायचे ठरले. पहिल्यात मैदा, साखर, यीस्ट आणि कोमट पाणी. दुसऱ्यात सगळं तेच, फक्त पाण्याऐवजी बाई वापरतात ते दूध. दोन्ही गोळे बाईंनीच मळले, माझ्या सांगण्यावरून. दोन वाट्यांत ठेवले, वर ओलं फडकं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, त्यामुळे ऊब द्यायची गरज नव्हती.

यीस्ट म्हणजे काय ते बाईंनी मला त्या अर्ध्या तासात शिकवलं. ती जिवंत बुरशी असते, साखर खाते, वायू सोडते, त्यानं पीठ फुगतं. त्या बोलत होत्या पण नजर फडक्यावर होती. दोनदा त्यांचा हात फडक्याकडे गेला आणि दोन्ही वेळा मी "थांबा" म्हणालो. मुख्याध्यापिकेला थांबा म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

साडेतीनला फडकं काढलं. पाण्याचा गोळा वाटीच्या काठापर्यंत आला होता. दुधाचा जसा ठेवला तसाच होता.

"दोन्ही तुमच्याच हातांनी मळलेत," मी म्हणालो.

 पाण्याच्या गोळ्यात बाईंनी बोट खुपसलं, खळगा पडला, त्याकडे बघत राहिल्या.

"पण दूध तर नेहमीचंच आहे," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "गवळीही तोच."

"मला दाखवा."

त्यांनी जाळीच्या कपाटातून पातेलं काढलं. दुधात मनुका भिजत होत्या. चांगल्या टपोऱ्या, पिवळ्याधमक. बाई कोमट दुधात मनुका रात्रभर भिजवायच्या आणि त्यांचा गोडवा वाया जाऊ नये म्हणून तेच दूध पिठात घालायच्या. दूध किंचित फाटल्यासारखं दिसत होतं. मी पातेलं नाकाशी नेलं. काडी पेटवून विझवल्यावर येतो तसला वास, अगदी हलका, पण होता.

"या मनुका कुठल्या?"

"सायखेड्याच्या बोराडेनं, तुम्ही पार्ट बदललात त्याच आठवड्यात आणून दिल्यात. माझा विद्यार्थी. स्वतःच्या बागेतला बेदाणा आहे, यंदा पहिल्यांदाच केलाय त्यानं. पाच किलो घेऊन आला, बाई तुमच्या बनांसाठी म्हणून." त्यांचा आवाज सांगताना बदलला. "दरवर्षी मी दुकानातल्या काळ्या मनुका आणते, धुऊन घेते. या धुतल्या नाहीत. घरच्या, स्वच्छ, धुवायच्या कशाला?"

माझी सासुरवाडी पिंपळगावकडची. बेदाण्याच्या शेडमध्ये मी पंखे दुरुस्त करायला गेलेलो आहे. बेदाणा काळा पडू नये, पिवळा राहावा, म्हणून बरेच जण गंधक जाळून त्याला धुरी देतात. मी बाईंना ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, आणि माझ्या आधीच त्या उत्तरावर पोचल्या.

"द्राक्षावर भुरी आली की गंधक मारतात," त्या सावकाश म्हणाल्या. "भुरी म्हणजे बुरशी."

"आणि यीस्ट?"

"तीही बुरशीच." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "म्हणजे मी रात्रभर गंधक भिजवून त्याचं पाणी यीस्टला पाजत होते."

त्यांना हसू आलं आणि हसता हसता त्या रडल्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बोराडेला यातलं काही सांगायचं नाही. कळलं?"

पाचला पंधरा मिनिटं कमी असताना त्यांनी फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. त्या म्हणाल्या, "शीला, बेकरीला सांगू नकोस. बन मी करतेय." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. बाई म्हणाल्या, "नाही झाले तर उद्या दारात उभी राहून मी स्वतः सगळ्यांना सांगेन की झाले नाहीत." आणि फोन ठेवला.

मी घाबरलो. दोन वाट्यांच्या जोरावर ऐंशी बनांची जबाबदारी. मी म्हणालो, "निदान मनुका तरी दुकानातून काळ्या आणू."

"या त्यानं माझ्यासाठी आणल्यात," बाई म्हणाल्या. "याच जातील."

मग आम्ही कोरड्या मनुका गरम पाण्यानं धुतल्या. पहिल्या पाण्याला वास होता, दुसऱ्याला कमी, चौथ्याला नव्हता. फडक्यावर पसरून ठेवल्या. दूध नवं आणलं. मनुका पीठ एकदा फुगल्यावरच घालायच्या असं ठरलं. दातार साहेबांना मी घरी येऊन फोन केला.

"मनुका?" ते म्हणाले. "जाधव, वरती मी मनुका असं कळवू?"

"उद्या दुपारपर्यंत थांबा, साहेब."

"मी थांबेन. कंपनी थांबेल का ते बघा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी दुकान बंद होतं. सकाळी सहाला मी बाईंकडे गेलो. गरज नव्हती, पण घरी बसवेना. बाईंनी पाचलाच पीठ मळून ठेवलं होतं. मोठं पातेलं, वर फडकं. दोघंही त्याच्याकडे न बघता चहा प्यायलो. साडेसहाला फडकं मधोमध वर आलं होतं. बाईंनी ते काढलं, मूठ दाबून पिठातली हवा काढली, मनुका आणि साल घातली, बारा गोळे वळले. पुन्हा झाकून ठेवायचे होते. हा खरा प्रश्न होता, कारण आता मनुका आत होत्या. मी पाऊण तास अंगणात फेऱ्या मारल्या.

गोळे एकमेकांना टेकेपर्यंत फुगले. कागदाच्या कोनातून बाईंनी प्रत्येकावर क्रूस काढला. पहिले दोन क्रूस वाकडे आले. ट्रे आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा बाईंनी एक बन चटके सोसत मधोमध उघडला. आतून वाफ आली. त्यांनी अर्धा माझ्या हातात दिला. स्वतः खाल्ला नाही, त्यांचा उपास होता. साडेअकरापर्यंत सात ट्रे झाले.

तीन वाजता मी चर्चच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून उभा होतो. पांढऱ्या कपड्यांतले लोक मुकाट्यानं बाहेर येत होते आणि शीलाताई टोपलीतून बन देत होत्या. मधेच त्यांनी एक बन हळूच दाबून बघितला. मग बाईंकडे गेल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. दातार साहेबांना मी लगेच फोनवर कळवलं. सोमवारी बाईंचं दुसरं पत्र कंपनीला गेलं, तेही बिनचूक. कम्प्लेंट मागे घेतली होती. माझं ऑथोरायझेशन टिकलं.

पुढच्या वर्षी उपासकाळात, म्हणजे उत्तम शुक्रवाराआधीच्या चाळीस दिवसांत, बाईंचा फोन आला. त्यांचा ओव्हन शीलाताईंच्या घरी नेऊन बसवायचा होता.

"का, बाई? काही बिघडलं का?"

"काही नाही. शीलाला बन शिकवतेय. यंदा ती करेल, मी बाजूला बसेन. वय झालंय माझं."

"गेल्या वर्षी त्या हेच म्हणत होत्या," मी म्हणालो.

"गेल्या वर्षी मंडळ ते काम माझ्याकडून काढून घेत होतं," बाई म्हणाल्या. "यंदा मी देतेय."

ओव्हनमध्ये दोष नाही हे सिद्ध करायला मला दहा मिनिटं लागली होती. माणसात दोष नाही हे शोधायला अर्धा दिवस लागला, आणि तो अर्धा दिवस न देता मी सही घेऊन निघणार होतो.